उजव्या गालावरचा तीळ

इथे लोक लिहितात त्या भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. माझी दुपारची आहे.

चांगली भर दुपारची. ऊन खिडकीतून थेट फरशीवर पडलेलं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, शेजारच्यांचा मिक्सर घरघरत होता. अशा वेळी कुणी घाबरतं का?

मीही घाबरले नव्हते. भीती फार नंतर आली...

विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. माझ्या नवऱ्याचाही पुरता बसलेला नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मुलगी झोपली आहे तोवर लिहिते. मधेच कुठे धागा तुटल्यासारखा वाटला तर समजा, ती उठली.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. आमच्याच घरातली. मागच्या छोट्या खोलीतली.

ती खोली माझी. मी माणसांचे चेहरे काढते. पेन्सिलीने, कोळशाने. कुठे शिकले नाही. शिकले ती आईला बघून.

आई कापडाच्या दुकानात विक्रीला उभी असायची. सकाळपासून रात्रीपर्यंत पायावर. घरी आली तरी बूड टेकायची नाही. तिचा चेहरा काढायचा तर पकडायचा कधी?

एकच वेळ होती. सकाळी केस विंचरताना.

ती आरशासमोर बसायची. मी तिच्या मागे, पलंगावर मांडी घालून, मांडीवर पुठ्ठा. समोर तिची पाठ, आणि आरशात तिचा चेहरा. मी आरशातल्या आईकडे बघून काढायची. तिच्या ओठांत केसांचे आकडे धरलेले असायचे, आणि त्यांच्या फटीतून ती काहीतरी गुणगुणायची. ना धड गाणं, ना धड चाल. नुसतं 'म्मम्... म्मम्...'

"आटप गं लवकर," आकडे न सोडताच म्हणायची. "मी काय राणी आहे का, तुझ्यापुढे बसून राहायला?"

पण बसायची. केस झाले तरी उगाच एखादी बट पुन्हा सोडायची, पुन्हा बांधायची. मला वेळ मिळावा म्हणून. हे मला फार उशिरा कळलं.

वर्षानुवर्षं रोज सकाळी तो एकच चेहरा काढला. हात असाच बसला. आधी वह्यांच्या मागच्या पानांवर, मग खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. पुढे बसथांब्यावर ताटकळणारी माणसं, दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं. मग कुणीतरी म्हणालं, माझ्या बाबांचं काढून देशील? असं करत करत लोक मागायला लागले.

शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून माझी पद्धतही माझीच. मी चेहऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी माणसाच्या भोवतीचं सगळं काढते. खुर्चीची पाठ, भिंत, सावली. सगळं गडद करत आत येते, आणि मधोमध माणसाच्या आकाराचा पांढरा कागद उरतो. मग त्यात चेहरा.

चित्रकलेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई एकदा बघून हसल्या होत्या. "अगं, लोक डोळ्यांपासून सुरू करतात, तू भिंतीपासून?"

मी म्हटलं, "बाई, चेहरा आपण काढायचा नसतोच. त्याला बसायला जागा करून द्यायची. मग तो येतो."

तेव्हा मला माझंच वाक्य केवढं आवडलं होतं.

आता आठवलं की तोंड कडू होतं.

आई गेली तेव्हा मला दिवस गेलेले होते. तिला नातीचं तोंड दिसलं नाही.

आणि आईशिवायचं बाळंतपण काय असतं, ते ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनाच कळेल. मुलगी झाली. गोल गरगरीत, म्हणून आम्ही तिला गोटी म्हणतो. रात्र रात्र रडायची. नवरा छापखान्यात कामाला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. घरात मी आणि ती. कितीदा तिला मांडीवर घेऊन मीच रडले आहे. विचारायला कुणी नव्हतं. हिला पोटात दुखतंय का? हिला थंडी वाजते का? आई, मी हिच्याएवढी असताना तू काय करायचीस?

गोटी बसायला लागली तेव्हा ठरवलं. हिला आजी दाखवायची. भिंतीवर लावायची, रोज ओळख करून द्यायची.

फोटो म्हणावा असा एकही नव्हता. कॅमेरा दिसला की आई हात आडवा धरायची. आणि जुनी चित्रं? घर बदलताना ती पेटी माळ्यावर ओल लागून कुजून गेली होती. पण मला कशाला हवा फोटो? तो चेहरा मी डोळे मिटून काढला असता.

नवऱ्याने छापखान्यातून जाड कागदाचा मोठा ताव आणून दिला. "सासूबाई मावतील ना एवढ्यात?" म्हणाला. "नाहीतर मला रागावतील, जावयाने कंजुषी केली म्हणून."

दुपारी गोटी झोपली की मी मागच्या खोलीत जायचे. गिऱ्हाइकांना बसवायची माझी एक लाकडी खुर्ची आहे, हातांची, वर निळी उशी. ती रिकामी खुर्ची समोर ठेवून मी भोवतालचं काढायला घेतलं. पाठ झाली. भिंत झाली. खिडकीची सावली झाली. मधली जागा पांढरी राहिली.

आणि चेहरा येईना.

पेन्सिल टेकवायचे आणि हात थांबायचा. असं कधीच झालं नव्हतं. एक दुपार गेली, दुसरी गेली. शेवटी पेन्सिल ठेवून मी रडकुंडीला आले, म्हटलं, "आई, ये ना गं."

तेवढ्यात बाहेर गोटी कुरकुरली. मी उठून गेले. तिला थोपटते आहे, आणि मागून...

खुर्ची करकरली.

ती करकर माझ्या ओळखीची आहे. माणूस बसला की एकदाच होते. नुसत्या वाऱ्याने नाही होत.

मी परत गेले. खोलीत कुणी नव्हतं.

पण निळी उशी मधोमध दबलेली होती... आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आली.

दुसऱ्या दिवशी ते गुणगुणणं ऐकू आलं.

'म्मम्... म्मम्...'

मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ बंद केला. आवाज थांबला नाही. ओठांत आकडे धरून गुणगुणल्यावर येतो तसाच, किंचित दबलेला. माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता हो. कुणीतरी फार लांबून आपल्याला हाक मारावी, तसं झालं.

ओल्या हातांनीच गेले.

ती खुर्चीत बसली होती.

धूर नाही, पांढरं वस्त्र नाही, काही नाही. उन्हाची तिरीप तिच्या खांद्यावर पडलेली. रोजचे कपडे. ओठांत आकडे. उजव्या गालावर तो तीळ. डाव्या हातात कंगवा.

मला यातलं काहीच खटकलं नाही. मी आयुष्यभर काढलेली आई अशीच होती.

मी बसले आणि काढायला लागले. हात पाण्यासारखा चालला. ती बोलत नव्हती. ओठ उघडत नव्हती. मी काही विचारलं की नुसती हसायची, आकडे तसेच धरून. गोटीचं रडणं ऐकू आलं की तिची मान तिकडे वळायची... आणि नुसतं रडणंच नाही. गोटी झोपेत साधी हलली तरी वळायची.

कितीतरी दुपारी ती आली. मी नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं की मोडेल, असं वाटायचं. मी तिच्यापाशी सगळं बोलले. झोप मिळत नाही, अंगात त्राण नाही, कधीकधी या पोरीला ठेवून कुठेतरी निघून जावंसं वाटतं, आणि मग स्वतःची किळस येते. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं.

ती ऐकायची. हसायची.

एका दुपारी मी गोटीची गादी तिथेच, खुर्चीच्या पायाशी घातली. म्हटलं, "बघ हं जरा हिच्याकडे. मी पडते थोडी."

आणि बाहेर जाऊन झोपले. बाळंतपणानंतरची पहिली खरी झोप. आई घरात असताना लागते ना, तशी.

जाग आली ती गोटीच्या हसण्याने. आत गेले. खुर्ची रिकामी. गोटी गादीवर खिदळत होती, आणि तिचं ते चिमूटभर जावळ... नीट विंचरलेलं होतं. ओला कंगवा फिरवावा तसं. मधून सरळ भांग.

मी तिला उराशी धरून किती रडले. आनंदाने. आजीने नातीची वेणीफणी केली म्हणून!

पुढे ती सवयच झाली. गोटी तिथे, मी बाहेर झोपलेली.

चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात मावशी आली. आईची धाकटी बहीण. जिना चढतानाच तिचं तोंड सुरू झालं. "मेली लिफ्ट बंद, माझे गुडघे गेले, आणि तू काय गं, काठी झालीस! पोरीने शोषून घेतली की काय तुला?"

मी गोटीला कडेवर घेतलं आणि मावशीचा हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

मावशी चित्रापाशी वाकली. डोळ्यांना पाणी आलं तिच्या.

"आक्काच गं," म्हणाली. "हुबेहूब आक्का."

जरा वेळाने चष्मा पुसला. पुन्हा वाकून बघितलं.

"पण तीळ चुकलाय की."

"कुठे?"

"अगं, डाव्या गालावर होता तिचा. हा उजव्यावर काढलायस. आणि आक्का डावखुरी कधी झाली? कंगवा डाव्या हातात?"

मी हसले. "मावशी, मी हजार वेळा काढलाय हा चेहरा. तू मला सांगतेस?"

"मग मी काय परकी? लहानपणी तिच्या डाव्या अंगाला झोपायचे मी. झोपेत मुंगी म्हणून तिचा तीळ झटकायचे, आणि ती मला फटका द्यायची! तूही तेच करायचीस की. तिच्या कडेवर बसलीस की त्या तिळावर बोट ठेवून असायचीस. दुकानातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, पोरगी बेल वाजवते आहे. आठवत नाही?"

नाही आठवत, असं म्हणायला मी तोंड उघडलं...

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की गोटी माझ्या कडेवर आहे. डाव्या कडेवर. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून सगळ्या आया घेतात तशी. आणि तिचा हात माझ्या गालावर आहे.

डाव्या गालावर.

कडेवरच्या पोराचा हात तिथेच पोचतो.



आरसा.

मी आयुष्यभर आरशातली आई काढली होती. आरशात डावीकडचं डावीकडेच दिसतं. तेच तसंच कागदावर उतरवलं, की समोर तोंड करून बसलेल्या बाईचा तीळ जातो उजव्या गालावर. कंगवा जातो डाव्या हातात. शिकवणारं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी कान धरला असता. मला कुणी सांगितलंच नाही. आणि इतक्या वेळा काढलं, इतक्या वेळा काढलं, की हाताने खरी आई पुसून टाकली. मला माझंच चित्र आई म्हणून आठवत राहिलं.

चित्र चुकलं, ठीक आहे. माणूस चुकतो.

पण खुर्चीत जी येऊन बसत होती...

ती खरी आई असती, तर तिचा तीळ डाव्या गालावर असायला हवा होता.

तिचा उजव्या गालावर होता. ती माझी चूक घालून आली होती.

म्हणजे जी आली होती, तिने आईला कधी पाहिलेलंच नव्हतं. तिने फक्त माझ्या डोक्यातलं चित्र पाहिलं होतं. मी जागा करून दिली, आणि तिथे कुणीतरी आलं. माझ्याच हाताने काढलेला मुखवटा लावून. आणि मी तिच्या पायाशी माझी पोर ठेवून गाढ झोपत होते.

मी मावशीला ओढतच बाहेरच्या खोलीत आणलं. दार लोटून घेतलं. गोटीला घट्ट धरलं.

"काय झालं गं? तीळच ना, खोडून काढ. एवढी पांढरी का पडलीस?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मावशीने मान वळवली.

"आत कोण आहे?"

'म्मम्... म्मम्...'

"आक्का गुणगुणायची ना तसं..." मावशी कुजबुजली.

"ती आई नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. दाराकडे बघून. "मावशी, ती आई नाही."

गुणगुणणं थांबलं.

शेजारचा मिक्सरही थांबला होता. खालचं पाणी थांबलं होतं. इतकं शांत मी आमचं घर कधी ऐकलं नव्हतं. गोटीचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता.

आणि मग...

टिंग.

फरशीवर काहीतरी बारीक पडलं.

टिंग.

टिंग... टिंग...

मावशीला कळलं नाही. मला कळलं. तो आकड्यांचा आवाज होता. केसांचे आकडे एकेक करून खाली पडत होते.

इतक्या दुपारींत तिने ओठ एकदाही उघडले नव्हते.

आता उघडत होती.

मावशी धीराची. तिनेच दार ढकललं. खुर्ची रिकामी होती. फरशीवर एकही आकडा नव्हता, मी नंतर झाडूनही पाहिलं. ऊन होतं तिथेच होतं. खाली पुन्हा पाण्याचा फवारा सुरू झाला.

फक्त चित्र तसं नव्हतं.

मी ओठ मिटलेले काढले होते. त्यात आकडे काढले होते. मावशीनेही पाच मिनिटांपूर्वी ते पाहिले होते.

आता चित्रातलं तोंड उघडं होतं. मोठं. माणसाचं उघडतं त्याहून जरा जास्तच. आणि आत जीभ नाही, दात नाहीत, काळोखसुद्धा नाही...

नुसता पांढरा कागद.

मी ठेवते तशी रिकामी जागा.

चित्र आम्ही त्याच संध्याकाळी जाळलं. नवऱ्याने खुर्ची भंगारात दिली. मावशीचा चेहरा बघून त्याने फारसं विचारलं नाही. नंतर म्हणाला, "दगदग होते तुला. झोप घेत जा." मावशीने मात्र पुन्हा आमच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. फोन करते. गोटीची चौकशी करते. त्या दुपारचं नाव काढत नाही.

ती परत आली नाही. म्हणजे मला दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, मग संपलं की. भीती गेली, पोर सुखरूप आहे.

भीतीचं मला एवढं काही नाही. मला जे बोचतं ते वेगळंच आहे. मी आयुष्यात कुणाशी बोलले नाही ते तिच्याशी बोलले. माझी आई समजून. ती हसत होती, आणि मला वाटत होतं, आईला कळतंय. ती काय ऐकत होती? पोरीला टाकून निघून जावंसं वाटतं, हे मी नेमकं कुणाला सांगून बसले?

आणि आई... आई तर गेलीच. डोळे मिटले की तीळ उजव्या गालावर. कितीही हलवला तरी डावीकडे जात नाही. खरा चेहरा आता फक्त मावशीपाशी उरला आहे. आई पहिल्यांदा गेली तेव्हा दवाखान्यात माझा हात तिच्या हातात होता. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी तिच्या जागी भलतीलाच बसवून, तिच्याकडे बघून हसत होते.

लोक अजून चित्रं मागतात. मी भोवतालपासून सुरुवात करत नाही आता. आधी डोळे काढते, सगळ्यांसारखी. चित्रं बरी होतात. जिवंत होत नाहीत. नकोच व्हायला.

घरातले आरसे मी काढून टाकलेत. नवरा दाढी मोबाइलमध्ये बघून करतो आणि कुरकुर करतो.

गोटी आता उभी राहते. एकेक शब्द बोलते. परवा फोनवर मावशीने तिला लाडाने विचारलं, "तुझी आजी कुठे गं?"

गोटी माझ्या कडेवर होती. डाव्या. तिचा हात माझ्या डाव्या गालाशी होता. तिथून तिने तो उचलला, माझ्या नाकावरून वाकडा करत पलीकडे नेला, आणि माझ्या उजव्या गालावर एकाच ठिकाणी बोट टेकवलं.

"आजी," म्हणाली.

तेव्हापासून रोज करते. तीच जागा. आणि बोट टेकवलं की खिदळते... तेच हसणं, त्या दुपारचं.

घरात आरसा नाही. मोबाइलमध्ये बघायचा धीर होत नाही. काल शेवटी हिय्या केला. नवरा जेवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अरे, माझ्या गालावर काही दिसतंय का रे?"

त्याने घास तोंडात घातला, मान वर केली. जरा निरखून पाहिलं.

"हो, तीळ," म्हणाला. "का? आधीपासूनचाच आहे ना?"